बुधवारची वीस मिनिटं

“तू मास्तरांची पोरगी. टिकाव खाली ठेव आन घरी जाऊन झोप,” सगुणाबाई म्हणाली.

“झोप उडालीय,” मी म्हटलं.

नाइट ड्युटी संपवून मी सरळ कबरस्तानात आले होते. अंगावर दवाखान्याची पांढरी साडी, पायात पांढरे बूट. पदर खोचला, मनगटावरचं घड्याळ काढून रूथबाईंच्या हातात दिलं आणि टिकाव उचलला. पहिलाच घाव दगडावर बसला. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

“इंजेक्शन देतीस का काय? दे इकडं!” सगुणाबाईनं टिकाव हिसकावून घेतला.

ती आमच्या बायकांच्या वॉर्डात आया होती. त्याआधी दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली होती, त्यामुळं मुरूम कसा फोडायचा हे आम्हा सात जणींत तिला एकटीलाच ठाऊक होतं. बाकी आम्ही चार नर्सा, एक स्वयंपाकीणबाई आणि सत्तरीच्या रूथबाई. रूथबाईंनी चाळीस वर्षं बायबलबाई म्हणून गावोगाव हिंडून बायांना शास्त्र वाचून दाखवलं होतं. खणणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं, पण त्यांनी माती ओढायला घमेलं धरलं होतं आणि ते त्या कुणाला देत नव्हत्या.

कबर होती रेव्हरंड शांतवन पारधे यांची. मंगळवारी दुपारी ते गेले, अडुसष्टाव्या वर्षी. बुधवारी चार वाजता चर्चमध्ये उपासना आणि मग दफन, असं ठरलं होतं.

भोरवंडच्या मिशन कंपाउंडात कबर मजुराकडून खणून घेत नाहीत. कमिटी चार घरांची नावं काढते आणि त्या घरचे पुरुष पाळीपाळीनं खणतात. दुसरी रीत अशी, की चर्चमधून खांद्यावर घेतलेली पेटी कबरीपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, वाटेत काही झालं तरी. या वेळी कमिटीनं एकाही घराचं नाव काढलं नव्हतं. बाहेरचे दोन मजूर आणून कबरस्तानाच्या मागच्या भिंतीपाशी आदल्या संध्याकाळीच खड्डा तयार करून ठेवला होता. भिंतीपाशी आमच्याकडं बेवारशी पेशंट पुरतात, जीव दिलेले पुरतात आणि चर्चच्या मंडळीतून नाव काढून टाकलेले पुरतात.

पाळकांची रांग पुढं, लिंबांच्या सावलीत. तिच्या शेवटी सलोमीबाईंची, म्हणजे पारधेसाहेबांच्या बायकोची कबर होती. डोक्याशी एकच दगड, दोघांपुरता रुंद. डाव्या बाजूला तिचं नाव, उजवी बाजू कोरी. तो दगड बसवताना साहेब गवंड्याला म्हणाले होते, “ही जागा सोड रे बाबा. मी तिला येतो म्हणून सांगितलंय.” त्या कोऱ्या बाजूखाली आम्ही टिकाव घातला होता.

“खरं सांगू का,” रूथबाई घमेलं ओढता ओढता म्हणाल्या, “साहेबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मला भिंतीपाशीच ठेवा. तिथली माणसं एकटी आहेत.”

“ते म्हनले असते,” सगुणाबाई म्हणाली. “आपन न्हाई म्हनत.”

आणि तिनं टिकाव हाणला.

साहेबांचा गुन्हा काय, तर ते लोकांना गप्प बसायला शिकवत.

तीस वर्षं ते आमचे पाळक होते. उपदेश चालू असताना एखादं पोर रडायला लागलं आणि आई ओशाळून उठायला लागली, की ते व्यासपीठावरून म्हणायचे, “बस गं बाई. तो माझ्यापेक्षा खरं बोलतोय.” सायकलवरून वाड्यावस्त्या फिरायचे, कोणाच्याही ओट्यावर बसून भाकरी खायचे आणि रात्री कंदिलापाशी लिहायचे. त्यांची तीन पुस्तकं छापली गेली. पहिली दोन मंडळीनं डोक्यावर घेतली. तिसरं चाळीस पानांचं होतं, ‘वीस मिनिटं’ नावाचं, आणि त्यानं सगळा घोटाळा केला.

सलोमीबाई आमच्याच वॉर्डात गेल्या, पोटाच्या कॅन्सरनं. शेवटचे अकरा दिवस साहेब खाटेशी बसून होते. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी दवाखान्याच्या लिनन रूममध्ये, घडी घातलेल्या चादरींच्या थप्प्यांमध्ये, सतरंजी टाकली. दर बुधवारी पाचला. दवाखान्याचा पाचचा टोल पडला की मांडी घालून डोळे मिटायचे. गाणं नाही, वाचन नाही. वीस मिनिटं श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. तिसऱ्या पुस्तकात त्यांनी हेच लिहिलं.

पहिल्या दिवशी लिडियासिस्टरनं विचारलं होतं, “साहेब, हे तुम्ही कुठं शिकलात?”

“अकरा दिवस सलोमीचा श्वास मोजत होतो. दुसरं काही हातात नव्हतं. त्या वेळी जे आलं तेवढंच येतं मला.”

आम्ही नर्सा तिथं जायचो, कारण तिथून आल्यावर हात थरथरायचे नाहीत. सगुणाबाई यायची, ती तर ख्रिस्तीही नव्हती. मंडळीतल्या जाणत्यांना नेमकं तेच खुपलं. मांडी घालून डोळे मिटणं हे आपलं नव्हे, हे बाहेरचं आहे, पाळक मंडळीला भलत्या वाटेला लावतो आहे, असा अर्ज वरच्या कौन्सिलकडं गेला. खाली एकतीस सह्या. कौन्सिलनं साहेबांचे पाळकपदाचे अधिकार काढून घेतले. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसायला लागले आणि बुधवारी लिनन रूममध्ये येत राहिले. त्यांच्या तोंडून त्या एकतीस जणांबद्दल एक शब्द कधी निघाला नाही.

त्या शेवटच्या दोन वर्षांत घड्याळ बघायचं काम माझ्याकडं होतं. सगळ्या डोळे मिटायच्या आणि मी एकटी डोळे उघडे ठेवून काट्याकडं बघत बसायची. पाच वीसला मी “झालं” म्हणायची. दोन वर्षं मी ध्यान असं केलंच नाही.

अकराच्या सुमारास खड्डा मांडीइतका झाला आणि खाली पांढरा, टणक मुरूम लागला. माझ्या तळहाताचे फोड फुटले होते. लिडियासिस्टर रडकुंडीला आली होती. मग रूथबाई काठावर बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, शिकवलंय ते वापरा की. वर नेताना घ्यायचा, खाली आणताना सोडायचा. घाई कशाला? ते चारपर्यंत कुठं जात नाहीत.”

आम्ही हसलो. मयताच्या दिवशी, कबरीत उभ्या राहून, सातही जणी हसलो. पण तसं केलं आणि जमलं. श्वास घेत टिकाव वर, सोडत खाली. कुणी बोलेना. मुरमाची ढेकळं सुटायला लागली.

“एस्तेर!”

मी वर बघितलं. काठावर माझे वडील उभे होते. बेंजामिन आल्हाट, मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर, कमिटीचे अध्यक्ष. हातात छत्री, मनगटावर जुनं घड्याळ. ते घड्याळ त्यांनी जन्मभर पाच मिनिटं पुढं ठेवलं, म्हणजे उपासनेला उशीर होत नाही. आमच्या घरात सगळं पाच मिनिटं आधी व्हायचं, जेवणसुद्धा.

“वर ये,” ते म्हणाले.

“अजून दोन फूट राहिलंय, पप्पा.”

“कमिटीचा ठराव झालेला आहे. अधिकार काढलेल्या माणसाला पाळकांच्या रांगेत जागा नाही. तुला वाचून दाखवला होता मी.”

“दाखवला होता. भिंतीपाशी पुरावं असा ठराव आहे. इथं खणू नये असा कुठंय?”

मागं सगुणाबाई खुसकन हसली. पप्पांच्या कपाळावर आठी चढली. ते दुष्ट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी निम्म्या कंपाउंडला अक्षर शिकवलं होतं, माझ्या आजारी आईचं सगळं हातानं केलं होतं. पण एकदा कागदावर काही लिहिलं गेलं की ते त्यांच्या लेखी देवानं लिहिल्यासारखं असायचं.

“खड्डा खणल्यानं कबर होत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “पेटी कुठं न्यायची ते आम्ही ठरवणार. तुम्ही खणा. संध्याकाळी बुजवायचे कष्टही तुम्हालाच पडतील.”

ते गेले. फाटकापाशी त्यांनी सवयीनं घड्याळ बघितलं.

“बरोबर बोलला तुजा बाप,” सगुणाबाई हळूच म्हणाली. “दोन खड्डे असल्यावर पेटी त्याच्याच खड्ड्यात जानार.”

मी भिंतीकडं बघत होते.

साडेतीनला आमचं खणणं संपलं. खड्ड्याच्या कडा वाकड्या होत्या, एका बाजूला जरा जास्तच रुंद, पण खोली पुरी भरली. बाकीच्या हातपाय धुऊन चर्चला गेल्या. सगुणाबाई फावडं घेऊन कबरीपाशी थांबली, कारण चर्चमध्ये तिला कुणी बसा म्हटलं नसतं. मी गेले नाही. साहेबांची उपासना मी चुकवली. लांबून घंटेचे टोल ऐकले, वर्षाला एक असे अडुसष्ट, आणि ते संपल्यावर उठून भिंतीपाशी गेले.

मजुरांनी खड्डा छान खणला होता. सरळ, चौकोनी, एकसारखा. मी बूट काढून काठावर ठेवले आणि आत उतरले. खाली गारवा होता. मी मांडी घातली.

ते आले तेव्हा मला आधी पावलं ऐकू आली, मग गाणं, मग गाणं तुटलं.

“हे काय आहे?” हा आवाज रेव्हरंड वाघचौरेंचा, तालुक्याहून दफनासाठी बोलावलेले तरुण पाळक. पुस्तकात बोट घालून ते खड्ड्यात वाकून बघत होते. “सिस्टर, बरं वाटत नाही का?”

“बरं वाटतंय, साहेब. बुधवार आहे. आमची पाचची बैठक आहे.”

लोक गोळा झाले. खालून मला सगळ्यांच्या हनुवट्या दिसत होत्या. त्यांच्यामागं सहा जणांच्या खांद्यावर पेटी होती. पुढच्या खांद्याला योना खरात, दवाखान्याचा सुतार. पेटी त्यानंच केली होती, प्रेमापोटी सागवानी जाड फळ्या घालून. आता त्याच्या मानेची शीर ताठली होती.

पप्पा गर्दीतून पुढं आले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी कधी विसरणार नाही. तो रागानं लाल नव्हता. पांढरा पडला होता.

“एस्तेर, ऊठ. मंडळीपुढं शोभा करू नकोस.”

“नाही उठणार.”

“माणसांना सांगून ओढून काढावं लागेल.”

“काढा. कोण उतरतंय खाली? माझ्या अंगाला हात लावायला कोण येतंय ते बघू तरी.”

कुणी हललं नाही. त्यातल्या निम्म्यांना मी सलाइन लावलेलं होतं.

मग पप्पांनी ते काढलं. मला वाटतं, काढायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण कोंडीत सापडल्यावर माणूस हाताला लागेल ते फेकतो.

“साहेबांची एवढी भक्त झालीस,” ते मोठ्यानं म्हणाले, “तर सांग ह्यांना. त्या अर्जावर सतरावी सही कुणाची आहे?”

रूथबाईंचा चेहरा वर काठावर होता. त्यांच्या हातात अजून माझं घड्याळ होतं.

“माझी,” मी म्हटलं. “एस्तेर बेंजामिन आल्हाट. वळणदार अक्षरात.”

खरी गोष्ट तेवढीच होती. एका रविवारी जेवताना पप्पांनी ताटाशेजारी कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. मी सव्वीस वर्षांची होते, वॉर्डात दहा जणांना हुकूम सोडायची, पण त्या टेबलाशी मुलगीच होते. वरण गार होऊ नये म्हणून सही करावी तशी मी सही केली. तीन दिवसांनी बुधवार आला आणि मी लिनन रूममध्ये जाऊन बसलेसुद्धा. टोल पडला. मी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. काही केल्या मिटेनात. बघते तर साहेब माझ्याकडं बघत होते. कौन्सिलनं आदल्या दिवशी त्यांना अर्ज वाचून दाखवला होता, नावांसकट. मला ते मागाहून कळलं.

“एस्तेर,” ते म्हणाले होते, “मिटत नसतील तर राहू दे. तू घड्याळ बघ. कुणीतरी बघायलाच लागतं.”

मी कित्येक महिने ती शिक्षा समजले. ती शिक्षा नव्हती. मला बाहेर न काढता बसवून ठेवायची त्यांना तेवढीच एक जागा सापडली होती.

आणि आता हे लोक त्या माणसाला भिंतीपाशी टाकणार होते, माझ्या सहीच्या जोरावर.

“सही माझी आहे,” मी खड्ड्यातून ओरडले, “ती खोडता येत नाही म्हणूनच इथं बसलेय! ज्या अर्जावर तुम्ही ठराव केलात त्यातली एक सही तुमच्या पुढ्यात बसलीय आणि ती म्हणतेय की खोटं होतं. साहेबांनी कुणाला भलत्या वाटेला लावलं नाही. आता न्या त्यांना बायकोपाशी, नाहीतर पेटी माझ्या डोक्यावर सोडा.”

“सही केली तर केली,” लांबून सगुणाबाईचा आवाज आला. ती लिंबाखाली आमच्या खड्ड्यापाशीच थांबलेली होती. “खड्डापन तिनंच खनलाय. ये रे योना, इकडं मोकळा हाय.”

त्याच वेळी दवाखान्याचा पाचचा टोल पडला.

“गुरुजी,” योना म्हणाला. त्याला धाप लागली होती. “खांदा चालला. पेटी टेकवायची न्हाई, आपली रीत हाय. हितं जागा न्हाई. काय ते लवकर बोला.”

पप्पांनी तोंड उघडलं, पण आमच्या मंडळीची रीत मोडा असं ते म्हणू शकत नव्हते आणि मोडू नका असंही म्हणू शकत नव्हते. वाघचौरे त्यांच्याकडं बघत होते, मग पेटीकडं, मग परत त्यांच्याकडं.

योनानं वाट बघितली नाही. तो डावीकडं वळला. पुढचा वळल्यावर मागच्यांना वळावंच लागलं. पेटी हेलकावली आणि लिंबांकडं निघाली. वाघचौरे पुस्तक उघडत तिच्यामागं धावले. हनुवट्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. सगळ्यांत शेवटी रूथबाई गेल्या. जाताना वाकून एवढंच म्हणाल्या, “आज घड्याळ माझ्यापाशी आहे. तू मीट डोळे.”

मी उठू शकत होते. काम झालं होतं. पण कुणाचा भरवसा नव्हता, पेटी परतही आली असती, आणि मला दुसरंही एक कारण होतं. मी डोळे मिटले. मिटले ते मिटलेच.

श्वास आला, गेला. ओल्या मुरमाचा वास येत होता. तळहात चरचरत होते. लिंबांच्या बाजूनं दोर सरकल्याचा आवाज आला, मग गाणं परत सुरू झालं, मग लाकडावर माती पडायला लागली. आधी मुठी, एकेक, मग फावड्यानं. मूठमाती देणाऱ्यांत अर्जावर सह्या केलेलेही होते, असं मी नंतर ऐकलं. माझी मूठ त्यात नव्हती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. ते म्हणायचे, रडू आलं तर येऊ द्या, तेही येतं आणि जातं.

ह्याला छत्तीस वर्षं झाली. त्या दिवशी मी खड्ड्यात बसून मंडळीला वेठीला धरलं, असं अजून काही लोक म्हणतात. धरलं. परत वेळ आली तर परत धरीन.

कधीतरी डोक्यावर सावली आल्यासारखं वाटलं. माणसांचे आवाज फाटकाकडं गेले होते. कुणीतरी काठावर उभं होतं. छत्रीचं टोक मातीत रुतल्याचा आवाज मी ओळखला.

“पाच वीस झाले,” पप्पा म्हणाले. “झाली तुझी वीस मिनिटं. ऊठ आता.”

इतका वेळ ते काठापासून जरा मागं, भिंतीपाशीच होते. लिंबांकडं गेलेच नव्हते. माझ्यासारखीच त्यांचीही मूठ राहिली होती आणि ते घड्याळ बघत उभे राहिले होते.

मी डोळे उघडले नाहीत.

“तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं, पप्पा,” मी म्हटलं.

मास्तरांना चूक दाखवलेली कधी खपायची नाही. आता छत्री आपटतील आणि निघून जातील, असं मला वाटलं.

ते गेले नाहीत. पाच मिनिटं उभे राहिले.